सतरा नंबरचं धुणं

"दुधाळ दिसतंय का बघ, वैजू. माझे डोळे हल्ली माझं ऐकत नाहीत."

उपाध्ये मॅडमनी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. नळीत आमच्या सव्विसाव्या बॅचच्या धुण्याचं शेवटचं पाणी होतं. त्यात मॅडमनी नुकताच सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला होता. आम्ल शिल्लक असेल तर तो थेंब पडल्यापडल्या पाणी दुधासारखं होतं, आणि मग परत धुवायचं. हे पाणी काचेसारखं होतं.

"स्वच्छ आहे, मॅडम."

"लिही."

मी वहीत लिहिलं. बॅच सव्वीस, धुणं पूर्ण. मॅडमनी वही न बघता खाली सही केली. वही न बघता सही करायची त्यांची पद्धतच होती.

तीन दिवसांनी, वाळवणं-भाजणं सगळं उरकल्यावर, आम्ही ती काळी पूड यंत्राला लावली. मॅडम स्टुलावर बसल्या, मी त्यांच्या मागे उभी. द्रावणात प्राणवायूचे बुडबुडे सोडले की पडद्यावरची रेघ खोल दरीसारखी खाली उतरायला हवी होती. ती उतरली नाही. पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. अठराव्या बॅचपासून हेच चाललं होतं.

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"वैजू, सतराचं धुणं शेवटपर्यंत झालं होतं ना?"

"हो मॅडम. वहीत आहे."

"वहीत आहे ते मलाही दिसतं. मी तुला विचारतेय."

"झालं होतं."

"मग प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा परत लावला. "चूक दुसरीकडे आहे. शोधू."

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. माझी शर्वी तेव्हा दीड वर्षाची होती.

आमचं काम ग्राफीनवर होतं. पेन्सिलीत जे काळं असतं ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनच्या पत्र्यांची चळत. त्यातला एकेक पत्रा सुटा केला की ते ग्राफीन. सुटं करायची आमची पद्धत जुनी आणि रानटी होती. ग्राफाइट तीव्र गंधकाम्लात घालायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि चिमटीचिमटीनं पोटॅशियम परमँगनेट टाकत राहायचं. सगळं गर्द जांभळं होतं, मग हिरवट, मग तपकिरी लगदा. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की तो लगदा एकदम हळदीसारखा पिवळा पडतो. पाहुण्यांना दाखवायचा भाग एवढाच. त्यानंतर उरतं ते धुणं. पाच वेळा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं, म्हणजे परमँगनेटमधला मँगनीज धातू निघून जातो, आणि मग पाण्यानं, थेंब दुधाळायचा थांबेपर्यंत. लगदा खळीसारखा चिकट होतो, गाळणीतून पाणी उतरता उतरत नाही. एक दिवस पुरत नाही. विद्यार्थी या कामाला कंटाळतात. मला ते आवडायचं. बघत बसायचं काम होतं, आणि बघत बसणं मला जमतं.

मॅडमना या कार्बनकडून प्लॅटिनमचं काम करून घ्यायचं होतं. इंधनघटात, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये, प्लॅटिनम लागतं, म्हणून तो कुणाला परवडत नाही. कुठलाही धातू न घालता नुसत्या कार्बननं ते काम केलं असतं तर केवढी गोष्ट होती. मॅडम अकरा वर्षं त्याच्या मागे होत्या. सोळा बॅचेसनी काही केलं नाही. सतराव्या बॅचनं केलं. रेघ अशी उतरली की मॅडमनी यंत्र बंद करून परत लावायला सांगितलं. परत उतरली. दुसऱ्या दिवशी त्या जयसिंगपूरहून भडंगाची दोन किलोची पिशवी घेऊन आल्या आणि ज्यांच्याशी वर्षभर बोलल्या नव्हत्या त्यांच्याही टेबलावर कागदावर ओतून आल्या.

सप्टेंबरमध्ये पेपर छापून आला. डिसेंबरमध्ये परदेशातल्या एका गटाचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. आम्ही तुमची कृती तंतोतंत केली, आम्हाला हा गुणधर्म सापडत नाही, कृपया मार्गदर्शन करावं. मॅडम मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. पुढची दोन वर्षं लॅब त्यांच्याकडे ठेवायची की नाही, याची बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. त्याच्या आत त्यांना सतरा नंबर परत करून दाखवायचा होता, नाहीतर लॅबला कुलूप.

आता सतरा नंबरचं सांगते.

त्या दिवशी मी आम्लाचं पहिलं धुणं आटोपलं होतं, चार राहिली होती. तीन वाजता पाळणाघरातून मगदूम काकूंचा फोन आला. "शर्वीचं अंग तापलंय गं. एकशे दोन." सहाव्या महिन्यात शर्वीला तापात एकदा झटका आला होता. डोळे वर गेले होते, आणि माझा नवरा चाकणला. ते चाळीस सेकंद मी एकटीनं बघितले होते. त्यानंतर एकशे दोन हा आकडा ऐकला की माझे हात माझे राहायचे नाहीत. मी पंप बंद केला, गाळणीवरचा लगदा तसाच ठेवला आणि पळाले. मॅडम त्या दिवशी परीक्षा विभागात होत्या.

शर्वीला झटका आला नाही. रात्रभर पट्ट्या ठेवल्या, पहाटे घाम आला, ताप उतरला. सकाळी सासूबाईंना बसवून मी लॅबमध्ये आले तर लगदा गाळणीवर नव्हता. ओव्हनमध्ये बशीत वाळून बसला होता, काळपट पापुद्र्यासारखा. एकदा वाळला की तो नीट धुतला जात नाही. टाकून द्यायला हवा होता. त्यात चार दिवसांचं काम होतं. शिवाय विभागप्रमुख इंगवले सर माझ्या प्रवेशाच्या वेळी मॅडमना माझ्यासमोर म्हणाले होते, "मॅडम, ही आता वर्षाच्या आत बाळंतपणाला जाणार. मग हिची कामं कोण करणार, तुम्ही?" मॅडम म्हणाल्या होत्या, "हो. मी." शर्वी झाल्यावर त्यांनी स्वतःच्या केबिनमध्ये पाळणा टांगू दिला. शेजारीच वजनाचा नाजूक काटा होता. पाळणा हलला की काट्यावरचे आकडे हलायचे. मॅडम म्हणायच्या, "आधी तिला झोपव, मग वजन कर. विज्ञान थांबतं, मूल थांबत नाही."

तर मी वही उघडली आणि जे दर वेळी लिहायचे ते लिहिलं. बॅच सतरा, धुणं पूर्ण. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं होतं. ही बॅचही आधीच्या सोळांसारखी फुकट जाईल आणि विषय संपेल.

मग ती रेघ उतरली. मॅडमना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"प्रश्नच मिटला" म्हटल्यापासून मॅडमनी चूक दुसरीकडे शोधायला घेतली. ग्राफाइटचा जुना डबा भंगारातून परत आणवला. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र खोलून बघितलं. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून जुनी वही वाचत बसायच्या आणि डबा तसाच घरी न्यायच्या. एकदा मुल्लाणीमामांना बोलावलं. मामा आमच्या लॅबचे अटेंडंट, तीस वर्षांपासूनचे. बर्फ तेच आणायचे, चौकातल्या रसवंतीवरून.

"मुल्लाणी, सतरा नंबरच्या वेळी बर्फ कुठून आणला होतात?"

"नेहमीचाच की मॅडम. रसवाल्याकडचा."

"दुसरीकडून नाही ना? आठवून सांगा."

"बर्फात काय आसतंय मॅडम, पाणीच की ओ," मामा हसले. "का त्याला बी पावती लागती आता?"

मॅडमही हसल्या. पण वहीत त्यांनी पेन्सिलीनं 'बर्फ?' असं लिहिलेलं मी पाहिलं.

इंगवले सर एकदा दारातूनच म्हणाले, "उपाध्ये मॅडम, त्या सॅम्पलमध्ये धातू राहिलाय का, एवढं तरी बघून घ्या."

"सर, ते धुतलेलं आहे."

"कशावरून?"

"वैजयंतीनं धुतलंय."

"आणि तिनं नसेल धुतलं तर?"

मी पिपेट धूत होते. मागे वळले नाही.

"सर, मी पीएच.डी. करत होते तेव्हा माझा मुलगा कांजिण्यांनी आजारी होता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चार दिवसांनी आले तर माझ्या गाइडनं माझी वही माझ्यासमोर दुसऱ्याकडून तपासून घेतली. एकेक आकडा. सगळे बरोबर निघाले, कुणी माफी मागितली नाही. माझ्या मुलींच्या वह्या मी तपासत नाही. बाकी काय तपासायचं ते सांगा."

सर खांदे उडवून गेले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जणू बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

त्या आठवड्यात मी रोज ठरवायचे, आज सांगते. घरी शर्वीला भरवताना वाक्य जुळवायचे. लॅबमध्ये आले की मॅडम म्हणायच्या, "वैजू, आज मला काठांबद्दल एक सुचलंय. पत्र्याच्या काठांमुळे तर हे होत नसेल?" आणि वहीत सुंदर, कोरीव आकृत्या काढून दाखवायच्या. मी मान हलवायचे.

सोमवारी मुल्लाणीमामा माझ्याकडे आले. हातातल्या फडक्याची उगाच घडी करत होते.

"ताई, एक विचारू का? त्या सतरा नंबरच्या दिवशी तुम्ही लवकर गेलासा. पोरीला ताप हुता."

"हो."

"संध्याकाळी बघितलं तर ते तसंच उघड्यावर. म्हटलं धूळ बसंल. मीच ते बशीत काढून ओव्हनात ठेवलं. नेहमी ठेवतोच की मी." त्यांनी आवाज बारीक केला. "माझ्याच हातनं काय झालंय काय? बशी नीट घासलेली नव्हती काय ती? मॅडम वाळून चालल्यात ओ. बघवंना. तीस वर्षं भांडी घासली, एक तक्रार न्हाई. उद्या त्यांस्नी सांगून मोकळा हुतो. काय ते एकदा शिव्या खातो."

"मामा, तुमची काही चूक नाही."

"ते तुम्हाला काय ठावं? तुम्ही तर हुतासा घरला."

मामा फडका खांद्यावर टाकून गेले.

मंगळवारी मी शर्वीला साडेसातलाच मगदूम काकूंकडे सोडलं. लॅबची एक किल्ली माझ्याकडे असायची. कपाटातून सतरा नंबरची कुपी काढली. पेपरनंतर चाळीस मिलिग्रॅम पूड उरली होती आणि मॅडम तिला हात लावू देत नव्हत्या. मी त्यातली पाच मिलिग्रॅम काढली. ती जाळून राख करायची, राख नायट्रिक आम्लात विरघळवायची, त्यात परआयोडेट घालून उकळायचं. मँगनीज असेल तर पाणी जांभळं होतं. बी.एस्सी.च्या मुलांची परीक्षा असते ही.

खरं सांगायचं तर मला वाटत होतं की पाणी बिनरंगीच राहील. पहिल्या एकाच धुण्यात सगळं निघून गेलं असेल. मग मॅडमच्या काठांच्या आकृत्या खऱ्या असतील, मामाही सुटतील, मीही सुटेन. नळी ज्योतीवर धरून मी ते मनातल्या मनात मागत होते, पाळण्याशी बसून ताप उतरू दे म्हणून मागायचे तसं.

पाणी उकळलं. आधी गुलाबी झालं. मग जांभळं. ज्या जांभळ्यापासून आम्ही दर बॅचची सुरुवात करायचो, तेच. जिथं नुसता कार्बन असल्याचं मॅडमनी छापलं होतं, तिथं काम धातू करत होता.

दार वाजलं. मॅडम नेहमी साडेनऊला यायच्या. त्या दिवशी बैठकीचे कागद आवरायचे म्हणून पावणेनऊलाच आल्या होत्या. खांद्याची पिशवी तशीच. टेबलावरची उघडी कुपी त्यांनी पाहिली, मग माझ्या हातातली नळी. नळी चिमट्यासकट माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिल्या. तो रंग बघायला चांगले डोळे लागत नव्हते.

"हे सतराचं?"

"हो."

"किती धुणी झाली होती?"

"एक."

मॅडमनी नळी स्टँडला लावली. पिशवी खाली ठेवली. स्टुलावर बसल्या आणि समोरच्या बंद पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता विचारतील, का लिहिलंस, का खोटं बोललीस, मागे तोंडावर विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. आठवडाभर तेच तर करत होते.

"त्या दिवशी शर्वीला ताप किती होता?" त्यांनी विचारलं.

मी दोन बोटं दाखवली.

"एकशे दोन?"

मी मान हलवली.

"अगं मग मला फोन करायचास," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. "परीक्षा विभाग काय लांब आहे? मी धुतलं असतं."

मी तिथंच ओट्याला धरून खाली बसले. मॅडम उठल्या, पण माझ्याजवळ आल्या नाहीत. आम्लाची बाटली काढली, पाणी तापत ठेवलं, गाळणीत नवा कागद बसवला.

"ऊठ. उरलंय ते धुऊन बघू. कोमट आम्लात टाकलं तर बरंचसं निघेल."

"मॅडम, मग ते…"

"मग ते काय करतं ते दिसेल. अकरा वर्षं तेच बघायचं होतं मला."

उरलेली पस्तीस मिलिग्रॅम आम्ही दिवसभर धुतली. पहिल्या दोन धुण्यांचं पाणी मॅडमनी वेगळं ठेवून तपासलं, त्यातही जांभळा रंग आला. एवढ्याशा पुडीला एवढे सोपस्कार मी कधी केले नव्हते. मामांच्या बशीचं मी मॅडमना धुताना सांगितलं होतं. मधे मुल्लाणीमामा आत आले, "मॅडम, मला जरा सांगायचं हुतं," म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "मुल्लाणी, बशी स्वच्छ होती. कळलं मला. तुम्ही चहा सांगा." मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले. चहा आला, तसाच गार झाला.

चार वाजत आले. आम्लाची पाचही धुणी झाली होती, पाण्याची चालू होती. गाळणीतून थेंब सावकाश पडत होते. मी घड्याळाकडे पाहिलेलं मॅडमनी पाहिलं.

"पाळणाघर किती वाजता?"

"साडेचार. काकूंना सांगते मी, त्या थांबतील."

"नको," मॅडम म्हणाल्या. गाळणीवरून त्यांनी नजर काढली नाही. "तू जा. शर्वीला आण. उरलेलं मी धुते."

मी गेले. दारात वळून पाहिलं तर त्या सिल्व्हर नायट्रेटची बाटली शोधत होत्या, आणि ती त्यांच्या कोपराशीच होती.

त्यानंतर मॅडम आणि मी कामापुरतंच बोललो. त्यांनी पेपर मागे घेतला. पत्रात लिहिलं होतं की शुद्धीकरणात माझ्याकडून त्रुटी राहिली. 'माझ्याकडून' म्हणजे त्यांच्याकडून. माझं नाव कुठं नव्हतं. मार्चच्या बैठकीत दोन मिनिटांत निर्णय झाला. एकतीस तारखेला त्यांनी केबिनमधला पाळण्याचा हूक स्वतः पान्यानं काढला आणि भिंतीतलं भोक कणकेसारखा चुना भरून बुजवलं. माझी पीएच.डी. पुढं दुसऱ्या विषयावर झाली, इंगवले सरांकडे. मी आता एका कॉलेजात शिकवते. मॅडम जयसिंगपूरला असतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. शर्वीला ताप चढला की थर्मामीटर झटकताना दर वेळी मी तो नंबर काढते, बघते आणि ठेवून देते.

पण त्या मंगळवारनंतरच्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी लॅबमध्ये आले तेव्हा मॅडम नव्हत्या. पडद्यावर रात्रीची शेवटची रेघ तशीच होती, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेजारी वही उघडी होती, सतराव्या बॅचच्या पानावर. माझ्या ओळीवर त्यांनी काट मारली नव्हती. तिच्याखाली आदल्या दिवसाची तारीख घालून त्यांच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं. बॅच सतरा, धुणं पूर्ण.

खाली सहीची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, माझ्यासाठी.